सोडायचा दोर

मी दोर बोलतोय. कयाक नावाची एक अरुंद, लांबट होडी असते. ती चालवणारी माणसं मला कमरेला लावून समुद्रात जातात. वाटेत कुणी दमला किंवा जायबंदी झाला तर त्याची होडी माझ्या आधारानं ओढून काठाला आणतात. काम एवढंच. काम नसेल तेव्हा मी पिशवीत गुंडाळून पडलेला असतो. माझं बरंचसं आयुष्य पिशवीत गेलं, आणि आमच्या कामात ते चांगलं समजतात.

मला घडवलं गोकुळदासांनी, पेडणे तालुक्यातल्या चोपडे गावात, शापोरा नदीच्या काठी. गोकुळदास तारवटी होते. म्हणजे तीस वर्षं परदेशी जहाजांवर नोकरी केलेले. एकदा त्यांचं जहाज नॉर्वेच्या एका बंदरात दुरुस्तीसाठी सात महिने अडकून पडलं. तिथे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून ते कयाक चालवायला शिकले, आणि बुडणाऱ्याला वर काढायला शिकले. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा शिवोलीला जाणारा पूल नुकताच सुरू झाला होता, फेरीबोट बंद झाली होती आणि फेरीच्या धक्क्यावर कावळ्यांशिवाय कुणी येत नव्हतं. किनाऱ्यावरचं एक हॉटेल बंद पडलं, त्याच्या सहा जुन्या कयाक गोकुळदासांनी आणल्या आणि धक्क्याजवळ माडाखाली मांडून ठेवल्या. लोकांना होडी चालवायला शिकवायची, समुद्रात वाचवायला शिकवायचं, असा त्यांचा बेत.

पाटी मराठीत लिहायची की कोंकणीत, यावर गावात चार दिवस चर्चा झाली. गोवा राज्य होऊन पंधरा वर्षं होत आली होती, तरी या विषयातला लोकांचा उत्साह टिकून होता. शेवटी पाटीवर ‘कयाक’ एवढाच शब्द रंगवला. तो दोन्ही भाषांत सारखाच लिहितात आणि दोघींचाही नाही, त्यामुळे सगळ्यांचं समाधान झालं.

मला म्हापशाच्या बाजारातून आणलं. जाळी आणि दोर विकणारं दुकान होतं. पंधरा मीटर, नारिंगी, पाण्यावर तरंगणारा. माझ्या एका टोकाला त्यांनी चापाची कडी लावली. ती समोरच्याच्या होडीला अडकवायची. हिसका बसू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. तो पट्टा शिवायला ते पेडण्याला यशवंत शिंप्याकडे गेले. यशवंत शाळेचे गणवेश शिवायचा.

गोकुळदासांनी जुन्या पाळण्यातला एक लाल लाकडी गोळा त्याच्यासमोर ठेवला. "ह्यो गोळो बकलाक लावूचो. ओढलो काय पट्टो एका दमात सुटूक व्हयो."

"सुटूक?" यशवंतनं चष्म्यावरून पाहिलं. "लोक माझ्याकडे सुटू नये म्हणून शिवूक येतत."

"माका सुटणारो व्हयो."

यशवंतनं तीन वेळा उसवून चौथ्यांदा शिवला. माझ्या शरीरातला सर्वांत महत्त्वाचा अवयव तो गोळा आहे, असं गोकुळदास येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. म्हणत, "पकडूक खंयच्याय दोराक येता. ओढणाऱ्याचो जीव धोक्यात इलो तर सोडूक येवक व्हयो. नायतर एक बुडता तो दोन बुडतत."

शिकायला येणाऱ्यांना दुपारचं जेवण लागे. त्यासाठी गोकुळदासांनी धक्क्याशेजारच्या कमलाक्षीला विचारलं. कमलाक्षी चाळिशीच्या आतबाहेरची. नवरा कृष्णनाथ डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा आणि शनिवारी घरी यायचा. मुलगी सुविधा दहावीत होती. गोवा राज्य झालं त्या वर्षीचा तिचा जन्म, म्हणून कुणी वय विचारलं की वजाबाकी सोपी. कमलाक्षी ओहोटीला नदीत उतरून तिसऱ्या काढायची. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. वाळूत पायाच्या बोटांनी चाचपून काढतात.

ती जेवण वाढायची आणि काठावर बसून पाहायची. असे पंधरा दिवस गेले. मग एक दिवस भाताची टोपली खाली ठेवून म्हणाली, "गोकुळदासबाब, तुमी ह्या लोकांका सुकती लागताना खालती न्हेतास. पाणी भायर चल्ला काय ही माणसां परत कशी येतली?"

सुकती म्हणजे ओहोटी. गोकुळदासांनी नकाशे पाहिलेले होते, भरती-ओहोटीचं छापील कोष्टक त्यांच्या भिंतीवर होतं. ते म्हणाले, "तुका काय म्हायत?"

"मी ह्या पाण्यात वीस वर्सां गुडघाभर उभी असंय."

गोकुळदासांनी कोष्टक पाहिलं, नदी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कयाकमध्ये बसवलं.

ती सुविधाची शाळेची ट्रॅक पॅन्ट घालून आली. पहिल्या सकाळी सात वेळा उलटली. पोहायला तिला येत होतं. "पण ह्या काकडीत बसान नाय," असं ती प्रत्येक वेळी वर येऊन सांगे. आठव्यांदा उलटली नाही. काठावर सुविधा टाळ्या वाजवत होती, तिच्याकडे बघायला मान वळवली आणि नवव्यांदा उलटली.

पण पाणी तिच्या अंगात होतं. कुठे प्रवाह पळतो, कुठे वाळूच्या उंचवट्याआड पाणी फिरून मागे येतं, हे तिला बघावंही लागत नसे. राहिलं ते तिनं गोकुळदासांकडून घेतलं. बुडालेल्याची होडी कशी उपडी धरायची, तिचं नाक आपल्या होडीवर आडवं ओढून आतलं पाणी कसं ओतायचं, मग सुलटी करून घट्ट धरायची आणि माणसाला मागच्या बाजूनं चढवायचं. चढेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. घाबरलेला माणूस होडीपेक्षा जड असतो. ओढायचं असेल तर त्याला आधी विचारायचं. मोठ्या लाटांत मला पूर्ण लांब सोडायचा, नाहीतर मागची होडी लाटेवरून घसरत येऊन पुढच्याच्या पाठीत बसते. आणि जायबंदी माणूस एकटा ओढायचा नाही. त्याच्या बाजूला दुसरी होडी लावायची, दोघांनी एकमेकांना धरायचं. जोडलेल्या दोन होड्या सहसा उलटत नाहीत.

सोडण्याचा सराव तिनं घरी केला. डोळे मिटून, ओल्या हातानं, चुलीपुढे बसूनसुद्धा. एका शनिवारी कृष्णनाथ घरी आला तर बायको कमरेला पट्टा लावून माशांचं हुमण ढवळत होती.

"ह्या काय? तुका बांधून घालतत?"

"नाय. सुटूक शिकतंय."

कृष्णनाथनं हातपाय धुतले आणि जेवायला वाढ म्हटलं.

डिसेंबरपासून गोकुळदासांनी मला तिच्याच कमरेला दिलं. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्यानं पुढे जावं आणि दोर मागे असावा. मला ते आवडलं. तिच्या कमरेला मी कमी हलायचो.

आता जानेवारीतली गोष्ट सांगतो.

मुळगावचा रुद्रेश नावाचा एक माणूस आला होता. खाणीवर जमिनीची मोजणी करायचा. तिशीतला, दंडानं भक्कम. आमोण्याला मामाकडे असताना मांडवीत पोहायला शिकलो, पाण्याची आपल्याला सवय आहे, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जी जागा असते तिच्याबद्दल तो काही बोलला नाही.

अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे उधाणाचं पाणी. दुपारी साडेबाराला तिघेजण तीन होड्यांतून खाली, मुखाकडे निघाले. डाव्या हाताला शापोऱ्याचा किल्ला, उजव्या हाताला मोरजीचं वाळूचं टोक. त्या दोघांच्या मधून नदी समुद्रात जाते, आणि जिथे जाते तिथे पाण्याखाली वाळूचा बांध आहे. त्यावर लाटा फुटतात. किल्ल्याच्या अलीकडून परत फिरायचं ठरलं होतं.

"जरा पुढे जाऊया," रुद्रेश म्हणाला. "एवढं आलो तर समुद्र तरी बघू."

कमलाक्षी म्हणाली, "सुकती लागलीहा."

गोकुळदासांनी तिच्याकडे पाहिलं, रुद्रेशकडे पाहिलं. आठवडाभरात रुद्रेशइतका चपळ शिकणारा त्यांना मिळाला नव्हता. "धा मिनटां," ते म्हणाले. ते चुकले. पण माझ्या आयुष्यात मी पाहिलेली बहुतेक माणसं दहा मिनिटांनीच चुकली.

पहिली लाट रुद्रेशनं पाहिली नाही, कारण तो वल्हं मांडीवर टाकून किल्ल्याकडे हात करत होता. तो हसतच उलटला.

गोकुळदास त्याच्याजवळ पोचले ते मी पाहिलं. एक हालचाल वाया गेली नाही. "माजी होडी धर. वल्हां सोडू नको. माझ्याकडे बघ." रुद्रेशची होडी उपडी, नाक वर, पाणी ओतलं, सुलटी, धरली. "आता पाठसून चढ. पाय आत. उठू नको. बस." रुद्रेश चढला. मला अभिमान वाटला. दोरांना अभिमान वाटतो, त्याचा उपयोग नसतो.

तेवढ्यात दुसरी लाट आली. तिनं रुद्रेशची होडी उचलली आणि तिचं टोक गोकुळदासांच्या उजव्या खांद्यावर आणून मारलं. गोकुळदास ओरडले नाहीत. त्यांचा हात मात्र चुकीच्या जागेवरून लोंबू लागला. खांदा निघाला होता.

एका हातानं वल्हं मारता येत नाही. रुद्रेशनं दोन्ही हातांनी होडीची कड धरली होती आणि ती सोडायला तो तयार नव्हता. कमलाक्षी दोघांच्या पुढ्यात येऊन थांबली.

"गोकुळदासबाब, ओढू?"

"ओढ."

तिनं दोन होड्या शेजारी लावल्या. गोकुळदास डाव्या कुशीवर रुद्रेशच्या होडीवर रेलले. माझी कडी तिनं एका होडीच्या पुढच्या दोरीतून ओवून दुसऱ्या होडीला अडकवली. "तुजा काम एकच," ती रुद्रेशला म्हणाली. "ह्यांका धरून ऱ्हवायचा. काय झाला तरी." मग वळली, मला पूर्ण लांब होऊ दिलं आणि नदीकडे तोंड करून वल्ही मारू लागली.

मी ताणला गेलो. दोरानं ताणलं जावं, त्यात तक्रार नाही. पण एवढा ताण मला माहीत नव्हता. तिच्या प्रत्येक वल्ह्याबरोबर सायकलची ट्यूब लांब व्हायची, आखडायची. तिनं किल्ल्याखालचा एक माड आणि त्याच्यामागचा बुरुजाचा कोपरा असे दोन नेमून घेतले होते. दोघे एकमेकांवरून सरकले तर आपण पुढे जातोय. तिनं दहा वल्ही मारली, माडाकडे पाहिलं. माड जागेवर. आणखी दहा. माड जागेवर. आणखी दहा मारल्यावर माड सरकला, पण उलट्या बाजूला.

नदी त्या तिघांना आणि मला बाहेर नेत होती. पाठीमागे बांधावर लाटा फुटल्याचा आवाज वाढत होता.

तिनं मान वळवून पाहिलं. पाठीमागून एक लाट उभी राहत होती, आधीच्या दोन्हींपेक्षा उंच, आणि तिचा माथा वाकायला लागला होता. ती आधी जोडीला उचलणार होती. मग त्या दोन होड्या आणि दोन माणसं लाटेवरून घसरत कमलाक्षीच्या अंगावर येणार होती, किंवा आडव्या वळून मला असा हिसका देणार होती की तिची होडी उलटलीच असती. दोन्हींत माझं दुसरं टोक तिच्या कमरेला होतं.

गोकुळदासांनाही ती लाट दिसली. तीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. पुढे काय होणार ते त्यांना कमलाक्षीच्या आधी कळलं असणार. तिचा उजवा हात कमरेकडे गेला. तो त्यांनी पाहिला.

"सोडू नको!" ते ओरडले. "सोडू नको गो! कमलाक्षी!"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो शिकवणाऱ्याचा नव्हता.

तिनं लाल गोळा ओढला.

पट्टा एका दमात सुटला. यशवंतनं चांगला शिवला होता. मी पाण्यात पडलो आणि लाट आली. जोडी वर गेली, आडवी झाली, फेसात दिसेनाशी झाली आणि बाहेर आली तेव्हा सुलटी होती. रुद्रेश गोकुळदासांना धरून होता. सांगितलेलं एकच काम त्यानं केलं, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. मी कडीच्या टोकाला लोंबकळत सोबत गेलो. माझ्या दुसऱ्या टोकाला पहिल्यांदाच कुणी नव्हतं.

"गेली," गोकुळदास म्हणाले. "सोडून गेली."

ती दिसत नव्हती, हे खरं. आणखी एक लाट आमच्यावरून गेली, मग एक लहान. प्रत्येक लाटेनं आम्ही मोरजीच्या बाजूला थोडे थोडे ढकलले जात होतो. मग माझ्या सुटलेल्या पट्ट्याजवळ एक वल्हं आलं आणि त्यानं मला उचललं.

ती प्रवाहातून कडेनं निसटली होती. वाळूच्या टोकाआड जिथे पाणी फिरून मागे येतं तिथून वळसा घालून ती पुन्हा आमच्यापुढे आली होती. तिनं मला ओढून घेतलं, पट्टा कमरेला लावला, लाल गोळा चाचपला.

"आता वयर नाय जायचा," ती म्हणाली. "आडवां जायचा. मोरजेक."

तिनं नदीशी भांडण सोडलं आणि आडवी वल्ही मारली. पाणी आम्हांला बाहेर नेत होतं तेवढ्यात ती आम्हांला कडेला नेत होती. थोड्या वेळानं पाणी गढूळ झालं, मग वाळू दिसली, मग रुद्रेशची होडी वाळूला घासली. तो उतरला, चार पावलं गेला आणि बसला. जाळं दुरुस्त करणारी दोन माणसं धावत आली. गोकुळदासांना त्यांनी खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणि तिथून गाडीनं म्हापशाच्या इस्पितळात नेलं. खांदा जागेवर बसला. झालं ते एवढंच.

पुढचं जे झालं ते पाण्यात झालं नाही, आणि तिथे मला कुणी विचारलं नाही.

रुद्रेशनं मुळगावात सांगितलं की बाईनं मध्येच दोर सोडला. मग परत आली, हेही सांगितलं, पण ऐकणाऱ्याला पहिलं वाक्य पुरतं. खाणीवरच्या ट्रकांच्या रांगेत कुणीतरी कृष्णनाथला विचारलं, "तुझ्या बायलेन म्हाताऱ्याक दर्यात सोडल्यान?" कृष्णनाथ शनिवारी घरी आला तो चहा न घेता म्हणाला, "खरां?"

"सोडलंय. मगे काठार घेवन इलंय," कमलाक्षी म्हणाली.

कृष्णनाथ तडक गोकुळदासांकडे गेला. गोकुळदास खिडकीपाशी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसले होते, हात गळ्यात. मी त्यांच्या मेजावर वाळत पडलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"बाबा, लोक बोलतत तां आयकलात?"

"आयकलंय." गोकुळदासांनी गळ्यातली झोळी सारखी केली. "मीच सांगितलंय तिका. सोड म्हणून. लोकांका सांग, माझो हुकूम होतो."

कृष्णनाथच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. त्यानं ते गावभर सांगितलं. गावाला गोष्ट आवडली. गुरूनं स्वतःच्या जिवाची पर्वा केली नाही, हुकूम दिला. शिष्येनं छातीवर दगड ठेवून पाळला. बाजारात लोक कमलाक्षीकडे बरं बघू लागले. गोकुळदासांकडे तर फारच बरं.

कमलाक्षी चार दिवसांनी आली. दारातच उभी राहिली.

"गोकुळदासबाब, एक इचारतंय. तुमी त्या येळार काय म्हणाललात?"

"लाटांचो आवाज होतो. तुका काय आयकूक इला?"

"माका ‘सोडू नको’ आयकूक इला."

"लाटांचो आवाज," गोकुळदास म्हणाले.

तिनं नवरा कृष्णनाथ, मुलगी सुविधा, बाजार, सगळ्यांचा विचार केला असावा. त्यांच्या खोटेपणानं तिचीच अब्रू राखली होती. ते खोटं म्हणावं तर तिला पुन्हा ‘सोडून गेलेली’ व्हावं लागलं असतं. आणि न म्हणावं तर त्या क्षणी डोकं तिनं चालवलं, हे कुणालाच कळणार नव्हतं. ती मेजापाशी आली. मला गुंडाळलं, पिशवीत घातलं, पिशवीची नाडी ओढली, मेजावर ठेवलं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या काढायला नदीत. धक्क्याकडे पाठ करून.

मी दोन महिने पिशवीत होतो. गोकुळदास कधीकधी पिशवी उचलून पुन्हा ठेवत.

मार्चमध्ये मोरजी, मांद्रे, हरमल या बाजूची अकरा माणसं शिकायला येणार होती. किनाऱ्यावर जीवरक्षक व्हायचं होतं त्यांना. आधीच ठरलेलं होतं. गोकुळदास ओहोटीच्या वेळी नदीकाठी गेले. पिशवी बगलेत होती, म्हणून मीही गेलो.

"सोमारी अकरा जणां येतत," ते काठावरून म्हणाले. "माका एकच हात चलता."

"दुसरो कदी चलतलो?" कमलाक्षीनं पाण्यातूनच विचारलं.

"म्हयन्यान."

"मगे म्हयन्यान बोलवा त्यांका."

गोकुळदास तसेच घरी परतले. सोमवारी मात्र ती आली. का आली ते तिनं मला सांगितलं नाही. माझा अंदाज असा की अकरा माणसं एका हातानं शिकवलेलं शिकून समुद्रात जातील, हे तिला पटलं नसावं.

गोकुळदास माडाखाली कदेलीवर बसले. कमलाक्षी गुडघाभर पाण्यात होडीत. त्यांनी सांगायचं, तिनं करून दाखवायचं. होडी सुलटी करणं झालं, जोडी लावणं झालं. मग तिनं मला कमरेला लावलं आणि डोळे मिटून लाल गोळा ओढून दाखवला. पट्टा सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सोडला.

अकरा जणांत मांद्र्याची मनीषा होती. शाळेत खेळ शिकवायची, उंच, चोख बोलणारी. तिनं हात वर केला. "सर, मागचा माणूस ओढणाऱ्याला म्हणाला, सोडू नको, तर काय करायचं?"

"तो कित्याक म्हणतलो?" गोकुळदास म्हणाले.

"घाबरला तर म्हणेल ना."

कमलाक्षी मला गुंडाळत होती, तिचे हात थांबले नाहीत, पण सावकाश झाले. गोकुळदासांनी चष्मा काढला, एकाच हातानं सदऱ्याला पुसला, त्याला वेळ लागला.

"म्हणता," ते म्हणाले. "घाबरलेलो माणूस म्हणता. मी म्हणाललंय."

अकरा जण पुढे सरकले.

"जानेवारीत ह्याच पाण्यात मी मागे होतंय आनी ही पुढे. मी बोंब मारलंय, सोडू नको म्हणान. तिणां आयकूक नाय. आयकला असता तर तिगांय गेले असते." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "गावात मी येगळा सांगितलंय. मी सोडूक सांगितलंय असा. ता खोटा. दोन म्हयने खोटा सांगतंय. तुमी घराक जाताना ह्या सांगा कोणाकय. सोडूचा तिणां ठरवला."

मनीषानं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

कमलाक्षी होडीतून उतरून काठावर आली. गोकुळदास तिच्याकडे बघत होते. मला वाटतं त्यांना तिनं काहीतरी म्हणावं असं वाटत होतं. रागाचं चाललं असतं.

"तुमचो खांदो," ती म्हणाली. "इस्पितळात सांगल्यानी ती हालचाल करतास?"

"करतंय."

"दाखवा."

त्यांनी हात उचलला. खांद्याच्या वर जाईना. तिनं त्यांचा कोपर धरला आणि हळू वर नेला, जिथे दुखलं तिथे थांबली. मग अकरा जणांकडे वळून म्हणाली, "आता एकेकान येवा. दोळे मिटून सोडूचा. धा येळां."

माझ्याकडून त्या दिवशी एकशेअकरा वेळा सुटणं झालं. मनीषाचं अकरा वेळा, तिनं एक जास्तीचं मागून घेतलं.

गोष्ट गावात फिरली तेव्हा गावाला ती आधीच्या गोष्टीइतकी आवडली नाही. हुकूम, पालन, छातीवर दगड, हे सगळं गेलं होतं. कृष्णनाथला मात्र ती समजली. शनिवारी तो जेवताना म्हणाला, "म्हणजे तुका कोणी सांगलेला नव्हता." ती म्हणाली, "नाय." त्यानं आणखी एक पोळी मागितली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत जेवला.

त्यानंतर गोकुळदासांनी कधी कुणाला मुखाकडे दहा मिनिटं जास्त नेलं नाही. नेऊच दिलं नसतं तिनं. पाण्यात जायचं की नाही हे पुढे ती ठरवू लागली आणि ते कोष्टक बघून तिला दुजोरा देत. चार वर्षांनी ते गेले, घरी, झोपेत. कयाक तिच्याकडे आल्या. पुढे सुविधाही शिकवू लागली.

मी त्यानंतर सात जणांना ओढून आणलं. त्यात एक नवरदेव होता. त्याची गोष्ट त्याच्या बायकोनं सांगावी.

पण दोर म्हातारा होतो. ऊन आणि मीठ. माझा नारिंगी रंग फिका पडला, मग मळकट झाला. हाताला मी आधी मऊ लागायचो. आता काड्यांची मोळी धरल्यासारखा लागतो. आत कुठे धागे तुटलेत ते बाहेरून दिसत नाही. दिसायला मी अजून बरा आहे. हीच अडचण आहे.

एक दिवस कमलाक्षीनं मला अंगणात पसरलं आणि टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत गेली. मध्ये दोन ठिकाणी थांबली. मग आत जाऊन कोयता घेऊन आली.

"आई, अगो कशाक तोडतस?" सुविधा म्हणाली. "राहूदे ना. आठवण म्हणून."

"आठवण म्हणान ऱ्हवता आनी घाईत कोणतरी कमराक लावता," ती म्हणाली. दगडावर ठेवून तिनं मला तोडलं. चार घाव लागले. मग ती तिथेच बसून राहिली, कोयता मांडीवर. सुविधानं चहा आणून दिला तोपर्यंत.

माझे पाच तुकडे झाले. बोलतोय तो हातभर लांबीचा आहे. मी शिकवायच्या शेडमध्ये खिळ्याला असतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या एका हातात मला देतात आणि दुसऱ्या हातात नवा दोर. डोळे मिटायला सांगतात. फरक कळला की पुढचा धडा. काहींना लगेच कळतो, काहींना तीन दिवस लागतात. एकाला कळलाच नाही. त्याला तिनं जेवणाच्या कामावर ठेवला आहे.

तर मागणं एवढंच. पाण्यात जायच्या आधी आपला दोर असा बोटांनी वाचा. माझ्यासारखा लागला तर तोडून टाका, आणि रात्री त्याची दया येऊ देऊ नका. मी इतका वेळ तुमच्याशी बोललो, कदाचित तुम्हांला आवडलोही असेन. तरी मला बरोबर नेऊ नका.